शुगर घरी तपासायची आणि पैसे आपल्याच खिशातले: स्ट्रिप कुठे वापरायची, कुठे वाचवायची

मी अमळनेरला राहते, शिवणकाम करते, आणि सात वर्षं झाली मला टाइप टू डायबेटिस आहे. घरात सासूबाईंनाही आहे. म्हणजे एका घरात दोन शुगरवाले आणि शुगरच्या मीटरला दरवेळी नवी लागते त्या स्ट्रिपचा खर्च ब्लाउजच्या शिलाईतून. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी उठून बोट टोचायची, आकडा बघायची, जास्त आला की दिवसभर तोंड पाडून बसायची, कमी आला की खूश व्हायची, आणि खायचं मात्र तेच खायची. वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर सात हजाराच्या वर रुपये नुसते आकडे बघण्यात गेले होते आणि औषधात, जेवणात काहीच बदल झालेला नव्हता. तेव्हापासून मी एक नियम केला. स्ट्रिप काढायच्या आधी स्वतःला विचारायचं, हा आकडा आला तर मी काय वेगळं करणार आहे? उत्तर नसेल तर डबी बंद. हा सगळा लेख त्या एका नियमावर आहे.

आधीच सांगते, इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांनी जेवढ्या वेळा सांगितलंय तेवढ्या वेळा तपासा, तिथे काटकसर करायची नाही. गरोदरपणातली शुगर असेल तरी तेच. मी लिहितेय ते गोळ्यांवर असलेल्यांसाठी.

पैसे कोण देतं?

कोणी नाही, असंच धरून चाला. महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान कार्ड हे सगळं दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरच्या उपचारासाठी आहे, घरी वापरायच्या स्ट्रिपचे पैसे त्यात येत नाहीत. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा भाग असेल तर एजंटला स्पष्ट विचारा की स्ट्रिप चालते का. घरात कोणी जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असेल तर मेडिक्लेमच्या वजावटीत (८०डी म्हणतात ते कलम) तपासण्यांसाठी ५००० रुपयांपर्यंत वजावट मिळते (मेडिक्लेमच्या मर्यादेच्या आतच) आणि ते पैसे रोख दिलेले असले तरी चालतं, म्हणून लॅबची पावती जपून ठेवा. पण तेही लॅबच्या तपासणीचं झालं, मेडिकलमधून आणलेल्या स्ट्रिपचं नाही.

आता साधा हिशोब. स्ट्रिप २० रुपयाची धरा, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला १२०० आणि वर्षाला १४,४००. एवढे पैसे खान्देशातल्या किती घरांत दर महिन्याला बाजूला निघतात? कपाशीचे पैसे हातात येईपर्यंत आमच्याकडे किराणासुद्धा उधारीवर असतो. मी आता महिन्याला १२ ते १६ स्ट्रिप वापरते आणि आधी रोज टोचून जेवढं कळायचं त्यापेक्षा जास्त कळतं.

आधी गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा

किती वेळा तपासायचं हे तुम्ही कोणती गोळी घेता त्यावर आहे. नुसती मेटफॉर्मिन असेल, किंवा सोबत ग्लिप्टिनवाली (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन) किंवा डापाग्लिफ्लोझिन असेल, तर शुगर एकदम खाली जायची भीती फार कमी. अशा माणसाने रोज तपासायची गरज सहसा नसते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातलं काही असेल तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते आणि तिथे स्ट्रिप हाताशी पाहिजेच.

गंमत नाही, खरंच वाचा, कारण आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत येतात आणि बऱ्याच लोकांना वाटतं आपण एकच औषध घेतो. सासूबाईंचं तसंच होतं. वैशाखात मोहिनी एकादशीला सखाराम महाराजांचा रथ असतो, त्या दिवशी त्यांचा कडक उपवास, पण सकाळची गोळी मात्र सवयीने घेतलेली. दुपारी चारच्या सुमारास त्या ओसरीत बसल्या बसल्या घामाने भिजल्या, हात थरथरायला लागले, आम्हाला वाटलं ऊन लागलं. मी पळत मीटर आणलं, ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८९. मग थोडं दूध आणि दोन केळी दिली. त्या दिवशीच्या दोन स्ट्रिप मला आयुष्यभराच्या वसूल वाटतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही ते कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून देवघराच्या फळीला चिकटवलेला आहे. तुमच्या घरात कोणी उपवास करत असेल तर हे आधीच विचारून घ्या, श्रावण आणि नवरात्र सुरू व्हायच्या आधी.

मीटर नाही, स्ट्रिप बघून घ्या

मीटर स्वस्तात मिळतं, कधी फुकटही मिळतं, आणि मग स्ट्रिप त्याच कंपनीची घ्यावी लागते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, ह्याची ५० ची डबी केवढ्याला आणि २५ ची केवढ्याला? बाहेरच्या मोठ्या ब्रँडची स्ट्रिप साधारण २० रुपयाच्या आसपास पडते, देशी ब्रँडची दहा-बाराला पण मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तर जुन्या छापील किमतीवर गप पैसे देऊ नका, विचारा.

स्वस्त म्हणजे खोटी असं नाही. मीटरच्या खोक्यावर आयएसओ १५१९७:२०१३ लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ असा की १०० च्या वरच्या आकड्यांत लॅबच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे, आणि १०० च्या खाली असेल तर १५ पॉइंट इकडेतिकडे, आणि शंभरातले ९५ आकडे ह्या पट्ट्यात बसले पाहिजेत. म्हणजे मीटरने १५० दाखवलं तर खरी शुगर १३० असेल किंवा १७० असेल, दोन्ही शक्य आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पैसे वाचतात, कारण १४२ आला म्हणून पटलं नाही आणि परत टोचलं तर १५३ आला, मग तिसऱ्यांदा टोचलं, असं करणारे मी खूप बघितलेत. तीन स्ट्रिप गेल्या आणि तिन्ही आकडे एकच आहेत. फक्त आकडा अगदीच विचित्र असेल आणि अंगाला काही जाणवत नसेल तेव्हा हात धुवून एकदा परत बघायचं.

वर्षातून एकदा, लॅबमधे उपाशीपोटी रक्त देता त्याच वेळी आपलं मीटर सोबत न्या आणि तिथेच बोटाचं बघा, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. उपाशीपोटीच करा, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तात शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, मग उगाच मीटरला दोष देत बसाल.

मोठी डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकले. ऑफर बघून १०० स्ट्रिप मागवल्या, हिशोबाने एक ११ रुपयाला पडत होती. पण माझ्या ब्रँडची डबी एकदा उघडली की तीन महिन्यांत संपवायची असते, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी नंतर वाचलं. महिन्याला १४ ने तीन महिन्यांत ४२ वापरल्या. ५० च्या दोन डब्यांपैकी दुसरी डबी उघडेपर्यंत तिची एक्सपायरी महिनाभरावर आलेली. शेवटी जवळपास निम्म्या फेकल्या, म्हणजे एक स्ट्रिप मला २० च्या आसपास पडली. तर भाव असा काढा: डबीची किंमत भागिले तुम्ही खरंच वापरणार त्या स्ट्रिप. कमी तपासणाऱ्याला २५ ची डबी किंवा एक एक वेगळी पॅक केलेली स्ट्रिप परवडते. आणि बिल घ्या, दुकानातच एक्सपायरी वाचा, लाजू नका.

आपल्याकडचं ऊन

हे पुण्यामुंबईच्या लोकांच्या लेखांत नसतं म्हणून लिहिते. स्ट्रिप साधारण ३० अंशाच्या आत ठेवायची असते. आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मधे ४४-४५ म्हणजे रोजचं, पत्र्याच्या घरात तर त्याहून जास्त. बऱ्याच मीटरना पण ४० च्या वर काम करता येत नाही, स्क्रीनवर तापमानाचं चिन्ह येतं. फ्रिजमधे ठेवू नका, बाहेर काढल्यावर स्ट्रिपला ओल धरते. गावाकडे ज्यांचं धाब्याचं घर आहे त्यांनी मधल्या खोलीत कोनाड्यात ठेवा, तिथे दुपारी पण गार असतं. माझं सिमेंटचं घर आहे, मी डबी स्टीलच्या डब्यात घालून कपाटाच्या खालच्या खणात कपड्यांच्या गठ्ठ्यामधे ठेवते. माठाशेजारी, गॅसजवळ, खिडकीत, मोटारसायकलच्या डिक्कीत नाही. डबी उघडली, एक काढली, लगेच झाकण. आणि एप्रिल ते जून ऑनलाइन मागवू नका, पार्सल दुपारभर कुठल्या गाडीत तापत पडेल सांगता येत नाही, त्या तीन महिन्यांच्या स्ट्रिप मार्चमधेच मेडिकलमधून आणून ठेवा.

टोचायची पद्धत, म्हणजे स्ट्रिप वाया जाणार नाही

माझं माहेर यावलकडचं, केळीचा पट्टा. मागच्या दिवाळीला तिकडे गेले होते, भाचीला केळं सोलून दिलं, हात साडीला पुसला आणि टोचलं. २४३! जीव घाबरला. मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, परत बघितलं तर १३१. केळ्याचा रस बोटाला होता, बस एवढंच. आंबा, द्राक्षं, जिलेबी, काहीही हाताळलं असेल तर असंच होतं. नुसतं पुसून चालत नाही, धुवायचं. आणि ओल्या बोटाने पण नाही, पाण्याने रक्त पातळ होतं. सॅनिटायझर लावलं तर पूर्ण वाळू द्या.

टोचायचं बोटाच्या मधोमध नाही तर कडेला. मला सुई-दोरा दिवसभर हातात, म्हणून मी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची बाहेरची कड वापरते, तिथे काम करताना दुखत नाही. तुम्ही शेतात काम करता, विळा धरता, तर ज्या बोटावर जोर येत नाही ते निवडा. थंडीत थेंब निघत नसेल तर हात कोमट पाण्यात धरा, मिनिटभर खाली लोंबकळत सोडा. थेंब पुरेसा झाल्यावरच स्ट्रिप जवळ न्या, कमी रक्त लागलं की एरर येतो आणि स्ट्रिप गेली. करकचून पिळू नका.

सुईचं पण सांगते. लॅन्सेट दोन-तीन रुपयाला मिळते, नियमाने एकदाच वापरायची. लोक तीच सुई महिनाभर चालवतात. मी शिंपीण आहे, मला माहितीये बोथट सुई कापडाचं काय करते, दोरा ओढते, भोक मोठं करते. बोटाचं पण तेच. पैसे स्ट्रिपमधे वाचवा, सुईत नाही. आणि घरात दोघं असाल तर टोचायचं पेन दोघांचं वेगळं, सुई तर कधीच एकमेकांची नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमा करा. उकिरड्यावर टाकू नका, तिथे लेकरं आणि ढोरं फिरतात. बाटली भरली की सरकारी दवाखान्यात विचारा, ते त्यांच्या कचऱ्यात घेतात का.

महिन्याचा प्लॅन

आता मुख्य गोष्ट. मी महिन्यातला एक आठवडा धरते, बाकीचे तीन आठवडे मीटरला हात लावत नाही (तब्येत बिघडली तर अर्थात लावते). त्या आठवड्यात तीन दिवस सकाळी उपाशीपोटी. आणि चार दिवस रोज एका जेवणाची जोडी, जेवणाच्या आधी एक आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एक. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून, मी मोबाइलला अलार्म लावते. एक दिवस सकाळचं जेवण, एक दिवस रात्रीचं, एक दिवस नाश्ता, आणि एक दिवस ज्या पदार्थाबद्दल शंका आहे तो. झाल्या ११ स्ट्रिप. चार-पाच शिल्लक ठेवायच्या, अचानक लागल्या तर.

बहुतेकांना डॉक्टर सांगतात ते टार्गेट उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. म्हाताऱ्या माणसाला थोडं सैल ठेवतात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

जोडीचा फायदा हा की जेवणाने किती वाढवलं ते कळतं. नुसता जेवणानंतरचा २०० आला तर दोष कोणाचा, जेवणाचा का आधीपासूनच जास्त होती, ते कळत नाही. माझ्या वहीतले काही आकडे देते, हे माझ्या शरीराचे आहेत, तुमचे वेगळे येतील म्हणूनच तर तपासायचं. दादरची (म्हणजे रब्बीच्या ज्वारीची) दीड भाकरी आणि वांग्याचं भरीत, ११८ वरून १५६. तेच भरीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्यांसोबत, भरीत पार्टीला चार पुऱ्या झाल्या होत्या, ११२ वरून १९१. शेवभाजी आणि तीन पोळ्या, १९८ पर्यंत. शेवभाजी आणि एकच पोळी, सोबत कांदा, काकडी भरपूर, १६३. रात्रीची खिचडी, जी मला वाटायचं हलकी म्हणून चांगली, १२१ वरून २१४! ती मी पाच वर्षं आजारी माणसाचं जेवण म्हणून आठवड्यातून तीनदा खात होते. दोन स्ट्रिपमधे कळलं. आता खिचडी अर्धी वाटी आणि सोबत फौजदारी डाळ जास्त. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे आणि आमरस खाल्ला तेव्हा मी तपासलंच नाही, कारण उत्तर माहीत होतं आणि सणाला मी तो खाणारच होते. अर्धा मांडा, थोडा रस, आणि नंतर बोरी नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले.

एक पदार्थ एकदाच नाही, दोनदा तपासा, वेगवेगळ्या आठवड्यात. दोन्हीवेळा वाढली तर मग बदल करा, आणि बदल केल्यावर एकदा परत बघा. मग तो पदार्थ कायमचा निकाली, त्यावर परत स्ट्रिप घालवायची नाही.

वही लागते. मोबाइलमधे पण चालेल पण डॉक्टरांसमोर वही पटकन उघडते. तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं, गोळी घेतली का, झोप झाली का, एवढंच. माझ्या वहीत सकाळचे आकडे सलग तीन महिने १५० च्या वर आणि जेवणानंतरचे ठीक असं दिसलं, त्यावरून डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलली. नुसते सुटे आकडे सांगितले असते तर हे झालं नसतं.

प्लॅनच्या बाहेर कधी तपासायचं: ताप, उलट्या, जुलाब झाले तर. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर, त्याने काही दिवस शुगर चढते. नवीन गोळी लागली किंवा डोस बदलला तर. घाम, थरथर, डोकं गरगरणं झालं तर लगेच. ग्लिमेपिराइडवाल्यांनी लांब गाडी चालवायच्या आधी. आणि ३०० च्या वर राहतेय आणि सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल तर आणखी स्ट्रिप न घालवता दवाखाना गाठा.

तीन महिन्याची तपासणी, आणि सातपुड्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट

पैसे फक्त एकाच तपासणीचे असतील तर एचबीएवनसी करा. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, उपाशी जायची गरज नाही. शुगर कंट्रोलमधे नसेल किंवा औषध बदललं असेल तर तीन महिन्यांनी, नीट असेल तर सहा महिन्यांनी चालते. ७ आला म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३. हे तुमच्या वहीशी ताडून बघा.

जुळत नसेल तर? वहीत सगळे आकडे २०० च्या घरात आणि एचबीएवनसी ६.५, असं असेल तर खूश होऊ नका. रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, किंवा सिकलसेल (रक्ताचा पिढीजात आजार) असेल तर ही तपासणी चुकीची येऊ शकते. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, इकडे चोपडा-यावलचा सातपुड्याचा पट्टा, इथे सिकलसेल खूप घरांत आहे आणि ज्यांना नुसता वाहक म्हणून आहे त्यांना काही त्रासच नसतो म्हणून माहीत पण नसतं. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, एकदा करून घ्या आणि लॅबवाल्याला, डॉक्टरांना सांगा. सिकलसेलचा आजारच असेल तर एचबीएवनसीवर विसंबता येत नाही, डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची दुसरी तपासणी सांगतात आणि बोटाच्या आकड्यांवर जास्त भर देतात. अशा माणसाने स्ट्रिपवर थोडा जास्त खर्च करणं बरोबर आहे.

फुकट मिळतं ते सोडू नका

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्यांची शुगर आणि बीपी फुकट बघतात. ग्रामीण रुग्णालयात, सिव्हिलला एनसीडी क्लिनिक (शुगर, बीपीसारख्या आजारांचा विभाग) असतं, तिथे कार्ड काढा, मग गोळ्या पण मिळतात. लाइन असते, सकाळ जाते, माझी तर एका दिवसाची शिलाई बुडते, तरी दोन-तीन महिन्यातून एकदा मी जाते. गोळ्या संपलेल्या असल्या तर जन औषधी केंद्रातून मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड घ्या, बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि जो पैसा वाचतो तो स्ट्रिपला येतो.

लघवीची पट्टी स्वस्त मिळते म्हणून कोणी सांगेल. त्यात शुगर साधारण १८० च्या वर गेली तरच दिसते आणि कमी झालेली तर कधीच कळत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर लघवीत शुगर कायम येणारच, ती गोळी तेच काम करते, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

दंडाला चिकटवायचा सेन्सर पण आलाय, १४ दिवसाचा, हजारांत किंमत. दर महिन्याला आपल्याला झेपत नाही, पण डॉक्टर म्हणाले की शुगरचं गणितच लागत नाहीये, तर एकदा लावायला हरकत नाही, फक्त त्या १४ दिवसात लग्न, सण नको, रोजचं साधं जेवण असू द्या.

आणि स्ट्रिपमधून वाचलेले पैसे मी वेगळ्या पाकिटात टाकते, त्यावर लिहिलंय डोळे, किडनी, पाय. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायाची तपासणी. सासूबाईंच्या लघवीत प्रोटीन जायला लागलंय हे याच पाकिटातल्या पैशातून कळलं, वेळेवर गोळी सुरू झाली. कालच त्यांनी स्वतः हात धुवून, चष्मा लावून पहिल्यांदा एकट्याने टोचलं आणि मला हाक मारून विचारलं, "देख वं, कितली शे?" (बघ गं, किती आहे?) १२६ होती.